हरवलेली पाचवी ठिणगी

९ जानेवारी, गुरुवार

विश्लेषणाचा कोड गोठवला. आता पेटी उघडेपर्यंत कोणी कशालाही हात लावायचा नाही. वादिम, दिनारा आणि मी — तिघांनी सह्या केल्या. दिनारा म्हणाली, "लग्नातसुद्धा मी इतक्या गंभीर चेहऱ्याने सही केली नव्हती." वादिम म्हणाला, "म्हणूनच ते टिकलं नाही."

संध्याकाळी बर्नाउलहून सासूबाईंचा फोन. शेजारीण विचारते, सून नक्की करते काय? काय सांगू?

मी म्हटलं, सांगा — एका मोठ्या कड्यात आम्ही इलेक्ट्रॉन एका दिशेने पळवतो, पॉझिट्रॉन उलट्या दिशेने, आणि त्यांची टक्कर घडवतो. टकरीतून एक जड कण जन्मतो आणि जन्मताच फुटतो. कधीकधी फुटून त्याचा नुसता प्रकाश होतो, पाच ठिणग्या. आम्ही चार ठिणग्यांत फुटणारा शोधतोय.

"आणि सापडला तर?"

"तर निसर्गाचा एक नियम मोडतो. पाच चालतात, चार चालत नाहीत, असा नियम आहे."

सासूबाई म्हणाल्या, "दिव्यांच्या कारखान्यात आहे असं सांगते."

१३ जानेवारी, सोमवार

आज जुन्या रशियन पंचांगाचं नववर्ष, उद्या पेटी.

सासूबाईंना पेटीबद्दल सांगायचं राहिलं. खरं तर आमच्या कामातली तीच एक गोष्ट मला देखणी वाटते. चार ठिणग्यांच्या घटना कॉम्प्युटर आम्हाला दाखवतच नाही, त्या जागी काळा चौकोन; तीच आमची पेटी. चाळणी किती बारीक लावायची, कुठली घटना ठेवायची, कुठली टाकायची, हे सगळं उत्तर न बघता ठरवायचं. माणूस लबाड असतो म्हणून नव्हे, आशाळभूत असतो म्हणून. उत्तर दिसलं की हात आपोआप हव्या त्या बाजूला झुकतो. तेव्हा आपणच आपल्या डोळ्यांवर पट्टी बांधायची.

दुपारच्या चहाला साव्वा इल्यिच आले. उणे अठ्ठावीस असताना, स्कीवरून. वय ऐंशीला टेकलेलं. मला हे काम त्यांनी शिकवलं. ब्याऐंशी साली, जुन्या डिटेक्टरवर त्यांनी चार ठिणग्यांच्या तीन घटना पाहिल्या, छापल्या. नंतर जगात कुणालाच तशी चौथी दिसली नाही. तेव्हापासून इथे कोणी ओब नदीवरून मासे धरल्याच्या बाता मारत आला की विचारतात, "किती? साव्वाचे तीन?" तेही हसतात. मला कधी हसू आलं नाही.

फळ्यावर सगळ्यांनी आपापला अंदाज लिहिला. वादिम: शून्य. दिनारा: दोन. मी शून्य लिहिलं. मनात शून्य नव्हतं.

साव्वा इल्यिचनी खडू घेतला, थोडा वेळ हातात धरला, परत ठेवला. "चष्मा सापडत नाही," म्हणाले. चष्मा कपाळावर होता.

१४ जानेवारी, मंगळवार

अकरा!

नियम खरा असेल तर चुकूनमाकून आत शिरलेली एखादी घटना असावी, फार तर. आणि अकरा. वादिमने पडद्याला बोट लावून मोजल्या, शाळेतल्या मुलासारख्या. मग कोन्याक, लिंबाच्या चकत्या, पाठीवर थापा. दिनारा चक्क रडली आणि म्हणाली, हीटरमुळे डोळे कोरडे पडलेत.

साव्वा इल्यिचनी ग्लास घेतला नाही. "आधी पाहुण्यांची ओळख तर होऊ दे. दारात गर्दी आहे एवढंच दिसतंय." पण जाताना त्यांना हातमोजा घालायला वेळ लागला. मी दुसरीकडे पाहिलं.

१५ जानेवारी

झोप नीट नाही. आनंदाने की भीतीने, ते तपासून पाहिलं. ठरवता आलं नाही.

१९ जानेवारी, रविवार

अकराही घटनांची चित्रं छापून घरी आणली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडली. माझ्या नवऱ्याने, लेवने, बकव्हीटची लापशी उभ्यानेच खाल्ली. "यातला आपला कोणता?" म्हणाला. म्हटलं, सगळेच. किंवा एकही नाही.

सुंदर आहेत. गोल डिटेक्टर उलगडून सपाट केला की शेकडो चौकोन दिसतात — एकेक चौकोन म्हणजे एकेक स्फटिक — आणि त्यांत चार उजळलेले ठिपके. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं निमूटपणे समोर पडलेलं.

मग बाण काढायला बसले. काम असं नव्हतंच. नुसतं कुतूहल. टकरीच्या क्षणी सगळ्याचा तोल असतो. ठिणग्या चहूकडे उडाल्या तरी त्यांच्या धक्क्यांची बेरीज शून्यच यायला हवी. एखादी ठिणगी आपल्या नजरेतून सुटली असेल तर उरलेल्या चारांचा तोल जरासा ढळतो. तो जिकडे ढळलाय त्याच्या उलट बाजूला बाण काढला की हरवलेली कुठे गेली ते कळतं. प्रत्येक घटनेत ढळणं इतकं थोडं होतं की आमच्या चाळणीने ते चालवून घेतलं होतं. रीतसर. सह्यांनिशी.

पहिला बाण डावीकडे, खाली. दुसराही. तिसराही डावीकडे खाली.

सहाव्यानंतर मी उठून भांडी घासली. मग परत बसले. अकराच्या अकरा एकाच कोपऱ्यात.

२० जानेवारी

चित्रं दिनाराला दाखवली. स्फटिकांची सगळी जबाबदारी तिची. तिने टेबलाभोवती एक फेरी मारली. "अकरा पाहुणे आले आणि सगळ्यांच्या टोप्या एकाच खुंटीवर?"

म्हणजे या घटना पाच ठिणग्यांच्याच. पाचवी त्या कोपऱ्यात गेली आणि तिथल्या स्फटिकांना दिसली नाही. नियम जागच्या जागी आहे. मोडलंय ते आमचं यंत्र.

"पण ते कोपऱ्यातले दर महिन्याला तपासते गं मी," ती म्हणाली. "एकूण एक. चांगले आहेत."

२२ जानेवारी, बुधवार

वादिमशी वाजलं. आम्ही एकाच वर्गातले, त्यामुळे दार लावून भांडता येतं.

"नियम आपणच केला ना? पेटी उघडल्यावर काही बदलायचं नाही."

"मी चाळणी बदलत नाहीये. आत काय पडलंय ते बघतेय."

"बघ की. पण एक सांग. शून्य आलं असतं तर बघितलं असतंस? चित्रं छापून घरी नेली असतीस?"

मी खुर्ची ओढून बसले.

"शून्य आलं असतं तर तू आत्ता लेवबरोबर आल्ताईच्या डोंगरांत असतीस. म्हणजे उत्तर आवडलं नाही की खोदायचं, आवडलं की गप्प बसायचं. यासाठीच तर आपण पट्टी बांधली होती."

मी म्हटलं, पण मला हे उत्तर आवडलं होतं, वादिम. तो म्हणाला, "तेही काही बरं लक्षण नाही."

घरी येताना बर्फातून चालत त्याच्यावर चिडून राहण्याचा प्रयत्न केला. जमलं नाही. त्याचं अर्धं बरोबर आहे. शून्याची चित्रं निघत नाहीत हे खरंय, पण शून्य आलं असतं तर ते खरं शून्य आहे का, हेही मी विचारलं नसतं. नको असलेल्या पाहुण्याकडे ओळखपत्र मागायचं आणि हव्या असलेल्याला तसंच आत घ्यायचं. निदान यापुढे तरी दोघांकडे मागायचं.

२८ जानेवारी

सापडलं. सापडल्यापासून मला एकाच वेळी हसू येतंय आणि लाजही वाटतेय.

दिनारा स्फटिक तपासते ते झगझगीत ठिणग्यांवर, दोनच ठिणग्या उडतात त्या साध्या घटनांवर. त्या इतक्या जोरदार असतात की निम्मा आंधळा झालेला स्फटिकही त्यांना पाहतो. मंद ठिणगी मात्र बुडते. आता मंद ठिणग्या बुडतायत हे कळायचं कशावरून? एकाच गोष्टीवरून — पाचाच्या घटना कमी होत चालल्यात आणि चाराच्या वाढत चालल्यात. नुसतं पाचाचं घटणं पुरत नाही, कडं कधी जोरात चालतं कधी मंद, पाचाचा आकडा तसाही खालीवर होतो. दोन्ही शेजारी ठेवले असते तर पोरालाही दिसलं असतं.

पण चाराच्या घटनांवर काळा चौकोन होता. आम्हीच काढलेला. चुकीला लपायला सगळ्या यंत्रात एकच जागा होती, आणि तिथे आम्ही सचोटीने पडदा लावून दिला.

दिनाराला सांगितलं. तिने तपासण्यांची वही उघडली, मिटली. मग म्हणाली, "आजी सांगायची, घर इतकं झाकू नये की चोराला थंडी वाजणार नाही."

२ फेब्रुवारी

साव्वा इल्यिचना कोण सांगणार? वादिम म्हणतो, तू. दिनारा म्हणते, तू. मीही म्हणते, मी. तरी गेले नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

गेले. स्कीवरून, जंगलातून. साव्वा इल्यिचच्या पत्नी फाइना ल्वोव्हनांनी कोबी भरून पिरोग भाजला होता, मीठ लावलेल्या अळंब्यांची बरणी काढली. "आता बोला ठिणग्यांवर," म्हणाल्या, "पन्नास वर्षं मी या घरात ऐकतेय आणि अजून कांदा चिरायलाही लाइट लावावा लागतो."

मी सगळं सांगितलं. ते खाता खाता ऐकत होते. शेवटी काटा खाली ठेवला. मला वाटलं आता... पण त्यांनी विचारलं ते हे: "सगळे डावीकडे खाली? मग माझेच स्फटिक. जुना डिटेक्टर मोडीत काढला तेव्हा नव्याच्या त्या बाजूला ते बसवले होते. उघडाल कधी?"

"मार्चमध्ये, कडं बंद झालं की."

"मला बोलवायचं."

दुःख झालेलं दिसलं नाही. मी शोधत होते, हेही इथे लिहून ठेवते. दिसलं ते निराळंच. मुलं घड्याळ उघडायला बसतात तसा चेहरा.

त्यांच्या तीनबद्दल ते काही बोलले नाहीत. मीही नाही. परतताना लक्षात आलं की दोघंही तेच टाळत होतो.

१६ फेब्रुवारी

त्या तीन घटनांचे आकडे त्यांच्या छापील लेखात आहेत. कोणीही बघावेत. प्रत्येकीच्या चार ठिणग्या, दिशा, जोर. आज लेख कपाटातून काढला. परत ठेवला.

१२ मार्च, बुधवार

कोपरा उघडला. या स्फटिकांना हवेतला ओलावा चालत नाही, म्हणून कोरड्या हवेच्या काचपेटीत, रबरी हातमोज्यांतून. दिनाराने पत्र्याचं आवरण सोडवलं. आतला स्फटिक पाण्यासारखा स्वच्छ असायला हवा होता. निघाला फिक्या चहासारखा. एका कडेची डिंकाची सांध फुटलेली, केसाएवढी. चार हिवाळे तो हवा पीत बसला होता. त्याच्या बाजूचे सहाही तसेच.

साव्वा इल्यिच काचेला नाक लावून उभे. "पिवळा पडलास," म्हणाले त्याला, "मीपण."

दिनारा म्हणाली, "साव्वा इल्यिच, चूक माझी. मी मंद ठिणग्यांवर तपासायला हवं होतं."

"कुठल्या मंद ठिणग्या? त्या तर तुम्ही झाकल्या होत्या." मग हसत, "आमच्या वेळी झाकत नव्हतो. आम्ही उघड्या डोळ्यांनी फसायचो."

मग माझ्याकडे वळले. "माझ्या तीनचे बाण काढलेस?"

"नाही."

"का?"

"तुम्हाला विचारल्याशिवाय..."

"कण फुटताना विचारतो का तुला? चल, फळा कुठाय?"

त्यांच्या वेळी स्फटिक नवे होते, पण जुन्या डिटेक्टरला दोन्ही टोकांना भोकं होती — कणांची नळी आत यायची ती जागा. तिथून गेलेली ठिणगी कुणालाच दिसायची नाही. शिवाय कड्याची ऊर्जा तेव्हा अदमासेच ठाऊक होती, म्हणून तोल इतका बारीक पाहताच येत नव्हता. आता जुन्या नोंदी सुधारून ती नेमकी मांडता येते. मी आकडे वाचत गेले, ते फळ्यावर मांडत गेले. खडू भरभर चालत होता, बेरजा तोंडी.

पहिलीचा बाण थेट भोकात.

दुसरीचा, दुसऱ्या टोकाच्या भोकात.

त्यांनी खडू ठेवला. हात झटकले. "झालं. कळलं."

"तिसरी राहिली, साव्वा इल्यिच."

"दोन अंडी नासकी निघाली की तिसरं कोणी कढईवर फोडत नाही, पोरी." आवाजात काही नव्हतं. म्हणजे होतं, पण ते खाली ठेवून बोलत होते. "बत्तीस वर्षं डोक्यात एक खडा होता. निघाला. फाइनाला सांगतो, आज मासे आणते म्हणाली होती."

गेले. फळा मी पुसला नाही.

२० मार्च

आज चहाच्या टेबलाशी, सगळ्यांसमोर, साव्वा इल्यिच उभं राहून: "आपल्या नव्या लेखात एक वाक्य घाला. ब्याऐंशीच्या तीनही घटना पाच ठिणग्यांच्या होत्या, एकेक भोकातून निसटली, लेखकाला हे मान्य आहे. खाली माझं नाव."

वादिम उठला आणि त्याने त्यांच्या कपात चहा ओतला, साखर घालून ढवळला. वादिम कधीच कुणाला चहा देत नाही.

मागून कोणीतरी म्हणालं, "मग आता मासे किती सांगायचे?"

"शून्य," साव्वा इल्यिच म्हणाले, "पण वजनदार शून्य." हसू फुटलं. मीही हसले. पहिल्यांदाच.

२९ मार्च

लेखाचा मसुदा झाला. अकरांची गोष्ट, पिवळे स्फटिक, काळ्या चौकोनामागे चूक कशी लपली ते — सगळं. वादिम स्वतःच म्हणाला, "पडद्याचं ठळक लिही. बाकीच्यांचेही पडदे असतीलच." यापुढे निम्म्या घटना उघड्या ठेवायच्या आणि निम्म्या झाकायच्या, असं ठरलं. सोमवारी सात तारखेला पाठवायचा.

साव्वा इल्यिचचं वाक्य शेवटच्या परिच्छेदात आहे. "तीनही."

मी ते तीनदा वाचलं. व्याकरण ठीक, मांडणी ठीक. तरी दातात काहीतरी अडकल्यासारखं.

२ एप्रिल

दातात काय अडकलंय ते कळलं.

आम्ही दोन पाहिल्या आणि थांबलो. का? कारण उत्तर आलं होतं. वाईट, पण जुळणारं. फळ्याशी उभी असताना मला सुटल्यासारखं झालं होतं — वेदना झाली, संपली, आता पुढचं. वादिमने जानेवारीत माझ्याकडे बोट दाखवलं होतं ते नेमकं यालाच. आवडलेल्या उत्तराशी थांबणं वाईट, हे मला ठाऊक आहे. अपेक्षित उत्तराशी थांबणं तितकंच वाईट, आणि ते शहाणपणाचा कोट घालून येतं म्हणून ओळखू येत नाही.

"तीनही" हा शब्द आम्ही मोजलेला नाही. तो शब्द एका म्हाताऱ्या माणसाचा मोठेपणा आहे. मोठेपणा मोजमाप नव्हे.

पण त्यांनी खडा काढून टाकलाय. फाइना ल्वोव्हना सांगत होत्या, हल्ली गाढ झोपतात. तिसरीचा बाण भोकात गेला तर काहीच बिघडत नाही, मी उगाच उकरलं एवढंच. आणि नाही गेला तर?

लेवला विचारलं. म्हणाला, "तू मला विचारतेस म्हणजे ठरवलंयस."

५ एप्रिल, शनिवार

आकडे मांडण्याआधी इथे लिहून ठेवते, म्हणजे नंतर मला मागे फिरता येणार नाही. बाण भोकात गेला: वाक्य राहील तसंच. बाण स्फटिकांकडे गेला: त्यांना विचारायचं, तेव्हा एखादा बंद होता का. बाणाची लांबी मोजमापाच्या चुकीपेक्षा लहान निघाली, म्हणजे काही हरवलेलंच नसेल, तर—

तर काय करायचं ते लिहिता आलं नाही. मी त्याची शक्यता धरलेलीच नव्हती.

६ एप्रिल, रविवार

सकाळी स्वयंपाकघरात मांडलं. मग वेगळ्या पद्धतीने मांडलं. मग दिनाराला नुसते आकडे पाठवले, कसले आहेत ते न सांगता. आत्ता रात्री तिचं उत्तर आलं: "तोल पूर्ण आहे. काहीच हरवलेलं नाही. ही कुठली घटना गं? पेटीत तर ही नव्हती." म्हणजे तिसरी चार ठिणग्यांचीच.

स्की दाराशी काढून ठेवल्यात. साव्वा इल्यिचना उठवावं लागणार.